पेण ते निडी, व्हाया भोपाळ

१ ऑगस्ट, पहाटे ५.०० (प्रत्यक्षात ७.४०)
आजपासून रोजनिशी. अधिकाऱ्याला ही सवय लागतेच. एस.एस.बी.चं, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाचं पत्र आलं! २८ ऑगस्टला सकाळी साडेसहाला भोपाळमध्ये हजर व्हायचं. पाच दिवस मुलाखती, टेस्ट वगैरे. मग ट्रेनिंग आणि मग मी सैन्याच्या रसद विभागात लेफ्टनंट. लेखी परीक्षा चौथ्या खेपेला पास झालो, म्हणजे पाया पक्का आहे. ही शेवटची संधी. ऑक्टोबरात वय उलटतं, पुढे फॉर्मच भरता येणार नाही. पण दुसरी संधी लागतेच कोणाला?
निश्चय: रोज पाचला उठणे. खाडीच्या बांधावर पाच किलोमीटर धावणे. पन्नास जोर. इंग्रजी पेपर, अग्रलेखासकट.

२ ऑगस्ट
बांधावर चिखल. धावणं रद्द. बूट जपणं हेही रसदेचंच काम.

३ ऑगस्ट, रविवार
बाबांना नोकरी समजावून सांगितली. बाबांचा अर्धा जन्म मिठागरात गेला. आता डोलवीच्या कंपनीत गेटवर सिक्युरिटीला आहेत. आल्यागेल्या साहेबाच्या गाडीला सलाम ठोकतात. ते म्हणाले, म्हंजे बंदूक नाय? म्हटलं, असते, पण मुख्य काम सैन्याला धान्य, डिझेल, दारूगोळा वेळेवर पोचवायचं. बाबा म्हणाले, म्हंजे रेशनचा दुकान. म्हटलं, बाबा, लॉजिस्टिक्स! उपाशी सैन्य लढत नाही. आई आतून ओरडली, उपाशी मानूस कायच करत नाय, जेवाया या आधी.
संध्याकाळी बाबा ओटीवर चार जणांना सांगत होते, आमचा निल्या मेजर व्हनार. आधी लेफ्टनंट असतो, असं सांगायला बाहेर गेलो होतो. त्यांचा चेहरा बघितला आणि परत आत आलो.

६ ऑगस्ट
मी डोलवीलाच एका ठेकेदाराच्या स्टोअरमध्ये आहे. नटबोल्ट इश्यू करतो. (मुलाखतीत: सप्लाय चेनचा दोन वर्षांचा अनुभव.) सुपरवायझर हैबतराव म्हणाले, गणपतीत रजा नाय, सगल्यांनाच पायजे. मी रुबाबात राजीनामा दिला. म्हटलं, पुढच्या वेळी गेटमधून येईन तेव्हा गाडीतून येईन. हैबतराव म्हणाले, हेल्मेट जमा करून जा.

११ ऑगस्ट
जोर: ९. पन्नासच्या दिशेने वाटचाल चालू.
नेटवर वाचलं. रसद अधिकारी व्हायचं तर काय तयारी हवी: नियोजन, नेतृत्व, संकटात डोकं थंड. मुलाखतीत हमखास विचारतात, आयुष्यात कुठली मोठी जबाबदारी पार पाडलीत? रात्री बराच आठवून पाहिलं. एक जबाबदारी तातडीने पार पाडायला हवी.

१८ ऑगस्ट
सापडली! पेणच्या सखाकाकांचा गणपतीचा कारखाना. बाबांचे ते लांबचे मावसभाऊ. रोह्याच्या बत्तीस घरांचे गणपती दरवर्षी त्यांच्याकडून जातात. टेम्पोच्या दोन खेपा होतात. मी म्हटलं, काका, हे माझ्यावर सोपवा, एका खेपेत पोचवतो. काका म्हणाले, देव हाय तो, सिमेंट नाय. म्हटलं, काका, मी उद्या टँक पोचवणार आहे. काकांचा हात दुखतोय म्हणून शेवटी हो म्हणाले.

२४ ऑगस्ट, रविवार, सकाळी ६.००
ऑपरेशन रोहा. टेम्पोत बघतो तर जागा पाटांनीच खाल्लेली. प्रत्येक घर आषाढात आपापला पाट कारखान्यात आणून देतं, त्याच पाटावर त्यांची मूर्ती बसते. कोणाचा पाट फळीएवढा, कोणाचा चौरंगाएवढा. कसलंच स्टँडर्डायझेशन नाही. काका चहाला गेल्यावर निर्णय घेतला. मूर्ती पाटांवरून उतरवल्या, पेंढ्यात उंचीप्रमाणे लावल्या. पाट सगळे एकावर एक मागे. बत्तीसच्या बत्तीस बसल्या! हे मुलाखतीत सांगायचंच.

तोच दिवस, संध्याकाळी ७.००
मोहीम यशस्वी. एकही मूर्ती फुटली नाही.
एक बारीक अडचण. नावं पाटांच्या खाली लिहिलेली होती. मूर्तींवर काहीच नाही. रोह्यात बत्तीस घरची माणसं टोप्या घालून, झांजा घेऊन उभी, आणि माझ्याकडे एका बाजूला बत्तीस पाट, दुसऱ्या बाजूला बत्तीस गणपती. मी उंचीवरून अंदाजे वाटप सुरू केलं. पाचव्या गणपतीला गोंधळ. रिटायर्ड हेडमास्तर गोपाळकृष्ण सर म्हणाले, आमच्याकडे पाच पिढ्या लोडाला टेकलेला गणपती येतो, हा मोरावर बसलाय. म्हटलं, सर, देव एकच. लतिकाबाई, म्हणजे त्यांच्या मिसेस, तिथेच रडायला लागल्या. लोडावाला गणपती तोवर दुसरं कोणीतरी वाजतगाजत घेऊन गेलेलं. चतुर्थी तीन दिवसांवर आणि रस्त्यात ही बोंब.  मला वाटलं, आता हे लोक मला कुंडलिका नदीत बुडवणार.
सखाकाकांना फोन केला. ते दुखऱ्या हाताने एसटीने आले. दोन तासांत एकेका मूर्तीच्या तोंडाकडे बघून सांगितलं, हा अमक्याचा, हा तमक्याचा. चार मूर्ती घराघरांतून परत आणल्या. म्हणाले, डोळे मी काढलेत, मना नाय वलखू येनार? मग टेम्पो सोडून परत एसटीनेच गेले. गोपाळकृष्ण सरांनी जाताना विचारलं, तुम्ही सैन्यात कुठल्या विभागात जाणार? सांगितलं. सरांनी टोपी नीट केली. मग म्हणाले, असो.
धडा: तज्ज्ञ मनुष्यबळ वेळेत मागवणे. ते मी केलं.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी
आरती होताच निघालो. आईने डब्यात एकवीस मोदक दिले. बाबा पेण स्टेशनवर सोडायला आले. युनिफॉर्मात होते, तिथून थेट ड्युटीवर. फलाटावर दिसेल त्याला सांगत होते, पोरगा भोपालला चाललाय, मिलिटरीत. पाच दिस ठेवून घेतात. मग मला बाजूला घेऊन विचारलं, पाच दिस ठेवतात म्हंजे घेतातच ना? म्हटलं, नापास होणाऱ्याला पहिल्याच दिवशी काढतात, पाच दिवस राहिला तो चांगलाच असतो. हे मी का सांगितलं देव जाणे.

२८ ऑगस्ट, भोपाळ, सकाळी ७.१०
चेस्ट नंबर १७. पोरं ऐंशीच्या आसपास. सगळ्यांचे केस बारीक, बूट चकचकीत. माझे पण बूट चकचकीत आहेत, फारसे वापरलेच नाहीत. बाजूचा पोरगा रोज दहा किलोमीटर धावतो म्हणाला. थापा मारत असणार.

दुपारी १.३०
स्क्रीनिंग झालं. एक अंधुक चित्र दाखवलं, त्यावर गोष्ट लिहायची. बाकीच्यांना त्यात डॉक्टर, पूर, बचावकार्य वगैरे दिसलं. मला टेम्पो दिसला. आता डोक्यात तेच असेल तर काय करणार! मी लिहिलेला हिरो बत्तीस मूर्ती एका खेपेत नेतो. मग ग्रुप डिस्कशन. सगळे एकदम बोलत होते. मी थंड डोक्याने योग्य क्षणाची वाट बघत राहिलो. तेवढ्यात शिट्टी झाली.
तरी छाप पडली असावी. एका साहेबांनी माझ्याकडे दोनदा बघितलं.

दुपारी ४.००
एकूण अठरा जणांचे नंबर पुकारले. १६ पुकारला. मग १९.
मला वाटलं चुकून राहिला असेल. साहेबांकडे गेलो. ते चांगले होते. म्हणाले, पुढच्या वेळी तयारी करून ये. मी म्हटलं, सर, पुढची वेळ नाही, वय संपलं. गावात बाबांनी सगळ्यांना सांगितलंय, असंही बोलून गेलो. साहेब म्हणाले, बेटा, बाहेर गाडी उभी आहे, स्टेशनला सोडतील.
गाडी अगदी वेळेवर निघाली. यांची रसद खरंच चोख आहे.
काय करू? काय करू आता? पहिल्याच दिवशी परत गेलो तर माझ्याच तोंडाने सांगितलेलं माझ्याच अंगावर येणार.

२९ ऑगस्ट, गाडीत
डोकं थंड. आपत्कालीन योजना अशी: घरच्यांच्या हिशोबाने मी २ सप्टेंबरला, गौरीगणपतीच्या विसर्जनाला परत येणार. तेवढे दिवस कुठेतरी काढायचे. पाच दिवस राहिला पण थोडक्यात हुकला, असं झालं म्हणजे मान राहतो. पेण अशक्य, सगळे ओळखतात. रोहा त्याहून अशक्य, तिथे आता बत्तीस घरं ओळखतात. निडी! कॉलेजचा साईराज निडीला राहतो. छोटं स्टेशन, चार घरं, कोण बघतंय.
पनवेलला गाडी बदलली. पेण स्टेशन आलं तेव्हा तोंडावर रुमाल टाकून झोपलो. गाडी दोनच मिनिटं थांबते. आज फार वेळ थांबली.

२९ ऑगस्ट, निडी, दुपारी
साईराजला सगळं खरं सांगितलं. त्याच्या आईला सांगितलं की अभ्यासाला आलोय. मावशी म्हणाली, गणपतीत कसला रे अभ्यास? पण पानात दोन मोदक जास्तच वाढले. मुक्काम पोटमाळ्यावर. भाताची पोती, जुना पाळणा आणि मी.

३० ऑगस्ट
योजनेत एक त्रुटी. हा गणपतीचा आठवडा आहे. निडीतलं एक घर असं नाही की ज्यात दिवसाला चाळीस माणसं येत नाहीत. सकाळपासून पाच वेळा शिडी चढलो. मावशी प्रत्येक पाहुण्याला सांगते, वरती आमच्या साईचा मित्र हाय, लय हुशार, पन लाजतो.
जोर: ०. माळ्याला उंची नाही.

३१ ऑगस्ट, संध्याकाळी
संपलो. म्हणजे, जवळजवळ.
सहाला खाली भजनी मंडळ आलं. मावशीने हाक मारली, निलेशबाला, खाली ये, तुमच्याच गावचा मंडल आलाय! फटीतून पाहिलं. मृदंगावर बाबा.
बाबा दरवर्षी गौरी आणायच्या दिवशी भजनाला निडीला जातात. जातात हे माहीत होतं. कोणाच्या घरी ते मी कधी विचारलं नव्हतं. अभ्यास आहे सांगून एकदाही त्यांच्याबरोबर गेलो नाही. पूर्ण रायगड जिल्ह्यात लपायला मी हे एक घर शोधून काढलं.
मावशीने तीनदा हाक मारली. मी पोत्यामागे श्वास रोखून बसलो.  साईराज काहीतरी बडबडला, तो झोपलाय, ताप आहे. मग भजन सुरू झालं. बाबा छान वाजवतात. मी लहान होतो तेव्हा त्यांच्या मांडीवर बसून ऐकायचो. आज दुसऱ्या अभंगाला त्यांचा ताल चुकला, मग लगेच सावरला. तेवढं सोडलं तर सगळं नेहमीसारखं. त्यांना हाक ऐकू गेली नसणार. टाळांचा एवढा आवाज, शक्यच नाही. शिवाय निलेश नावाची पोरं गावोगाव आहेत.
जाताना मावशीला म्हणाले म्हणे, वरच्या पोराला गरम काय तरी द्या. हे कोणीही म्हणेल.

१ सप्टेंबर
बाबांना काहीही कळलेलं नाही. दिवसभर हाच विचार केला आणि याच निष्कर्षाला आलो. बारा वेळा.
उद्याची उत्तरं पाठ: प्रश्न, पाच दिवस काय झालं? उत्तर, मानसशास्त्र, मैदानी कसोट्या, मुलाखत, कॉन्फरन्स. प्रश्न, मग? उत्तर, अगदी थोडक्यात. जागाच कमी होत्या.

२ सप्टेंबर, विसर्जन
चार वाजता बॅग घेऊन गावात शिरलो. खाडीवर सगळं गाव जमलेलं. मला बघून आरडाओरडा, आला आला, साहेब आला! सगळे भोवती. बाबा पाण्यातून बाहेर आले, ओल्या कपड्यांनी. सगळ्यांदेखत म्हणाले, माझा पोर पाच दिस भोपालला राहून आलाय. माझ्या छातीवरचं ओझंच उतरलं. योजना यशस्वी.
शेजारच्या केरूने विचारलं, काय काय करून घेतलं रे? मी सुरू केलं, पहिल्या दिवशी मानसशास्त्र. बाबांनी मध्येच तोडलं. म्हणाले, मिलिटरीची गोष्ट हाय, ती भायेर सांगत नसतात, चल रे निल्या. आणि हात धरून घेऊन गेले.
बांधावरून घरी येताना आम्ही दोघंच. मी उत्तर पाठ म्हणायला लागलो, बाबा, अगदी थोडक्यात. बाबा चालत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, एवढाच झाला व्हता त फोन करायचा व्हतास. मी पनवेलला घ्यायला आलो असतो.
 मी बांधावरच खाली बसलो आणि रडलो. बाबा बॅग घेऊन शेजारी उभे राहिले, माझं होईपर्यंत.