स्वयंपाकिणीचा कप

१२ जुलै ९५. मिसिसिपी.
न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेहून निघून तिसरा दिवस. मैत्रेयीच्या लाडक्या कादंबरीकार बाईंचं घर आज बघायचं. पोरगी सतराची, अमेरिकेतच जन्मलेली. बाईंवर शाळेसाठी निबंध लिहितेय, त्यासाठी ही वरात. सोबत दिलीप आणि शुभावहिनी. व्हॅन त्यांची, दशम्या त्यांच्या, गप्पाही त्यांच्याच.

आमचं आडनाव गावावरून पडलेलं. जात कळत नाही. बारा वर्षांच्या मैत्रीत त्यांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. घरातली बुद्धमूर्ती वहिनींना शोपीस वाटते. पोरीलाही कधी सांगितलं नाही. बायको, सुजाता, म्हणते, पुरे आता ही लपवालपवी.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
घर बघितलं. टाइपरायटर, चष्मा, दोरी लावलेली खोली. मग मागची पडवी. तिथं फळीवर जस्ताची ताटली नि कान तुटलेला कप. गाइडबाई कौतुकानं म्हणाल्या, हा त्यांच्या काळ्या स्वयंपाकिणीचा. बाईंनी पहिलं पुस्तक तिलाच अर्पण केलंय.
मैत्रेयी : "बट व्हाय आउटसाइड?"
गाइडबाईंनी घड्याळ बघितलं. दिलीप हसून बोलला, "अगं, आपल्याकडेही असायचा की! मोरीजवळ, गड्याची कपबशी वेगळी. अगदी असाच फुटका कान." मग माझ्याकडे वळून, "तुमच्याकडे कुठं ठेवायचे रे?"
"आठवत नाही," म्हटलं.
माझे वडील तसल्याच कपातून चहा प्यायचे. पिऊन स्वतः विसळून पालथा घालायचे. मी बघितलंय. तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तोंडातून निघालं काय, तर आठवत नाही.


१३ जुलै. मोटेल.
मैत्रेयीनं सकाळीच गाठलं. "बाबा, तुमच्याकडे पण होता तसा कप?"
सांगितलं. आजोबांचं, जातीचं, सगळं. रडेल वाटलं होतं. नाही रडली.
"काकांना माहितीये?"
"नाही."
"देन टेल हिम. नाहीतर मी सांगते."
निबंधाचे कागद तिनं कचऱ्याच्या टोपलीत टाकले. सुजातानं काढून बॅगेत ठेवले.

सुजाताच्या ऑपरेशनला हाच दिलीप हॉस्पिटलात बसून होता. तो मैत्री तोडेल ही भीती नाही. "छे रे, काय फरक पडतो!" म्हणून पाठीवर थाप मारेल. आणि मग पाण्याची बाटली पुढं करताना एक क्षण थांबेल. तो क्षण मला बघवणार नाही.

१४ जुलै. टेनेसी.
परतीची वाट. दिलीप चालवत होता, मी शेजारी, नकाशा मांडीवर. मागून मैत्रेयी : "बाबा." एवढंच. थोड्या वेळानं पुन्हा, "बाबा."
दिलीप : "काय रे, पोरगी काय म्हणतेय?"
"पुढच्या पंपावर थांब. बोलायचंय."
"एवढं काय सीरियस, यार?"
पंपावर थांबलोय. तो पेट्रोल भरतोय, मी इथं बसून हे खरडतोय. मैत्रेयी सीटवरून पुढं वाकून वहीत बघतेय. तिला मराठी वाचता येत नाही.
झालं त्याचं. येतोय.