सायकल हिराची

८ फेब्रुवारी १९६१, बुधवार. मालवण

ऑफिसची डायरी वेगळी. तीत शोषखड्डे किती, बिनधुराच्या चुली किती, ते लिहायचं. ही वही माझी. हिच्यात फक्त खरं लिहिणार.

आज वहिनीनं मला दारात उजेडाला उभं केलं. हनुवटी धरून तोंड इकडून तिकडे फिरवलं, बाजारात सुरमई बघतात तसं. मग म्हणाली, "नर्मदे, तुका मिशी फुटली गो."

मिशी नाही. लव आहे. उन्हात जरा चमकते.

निमित्त असं: शिरोड्याचं स्थळ आलंय. सत्यवान नाव. मुंबईला गोदीत कारकून, पस्तीस वर्षांचे, बायको वारली, मूल नाही. शिमग्याला येतील तेव्हा बघायला येणार. वहिनीनं माझं वय सव्वीस कळवलंय. एकोणतीस आणि सव्वीस, फार फरक नाही. मी ग्रामसेविका आहे हे त्यांना चाललं. सायकलचं मात्र कळवलेलं नाही. वहिनी म्हणते, बाईमाणूस सायकलवर, एवढं वाचलं की पुढचं कुणी वाचत नाही.

साडेतीन आठवडे आहेत. पुष्कळ झाले. आजपासून: बेसन-हळद दोन वेळा. डोक्यावर पदर. सायकल हळू. शिडीशिवाय माडावर चढणं पूर्ण बंद (तसं वर्षभरात दोनदाच चढले).

९ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन, पाठ ताठ ठेवून, अगदी हळू तारकर्लीला निघाले. वाटेतल्या वायरी गावापर्यंत उत्तम जमलं. तेवढ्यात मागून गंगाराम पोस्टमन घंटी वाजवत आला आणि म्हणाला, "बाई, बाजूक व्हा, टपाल लेट होता."

मी बाजूला झाले असते. पण तो हसला.

पदर कमरेला खोचला, निऱ्या वर घेतल्या. तारकर्लीच्या पहिल्या घराशी मागे वळून बघितलं तर तो ठिपक्याएवढा दिसत होता. ही शेवटची शर्यत. यात ऑफिसच्या वेळेचा प्रश्न होता.

संध्याकाळी बेसन राहिलं.

१५ फेब्रुवारी, बुधवार

आज हिराचा सायकलचा तास. हिरा म्हणजे तारकर्लीच्या सहदेव तांडेलाची मुलगी. अठरा वर्षांची, सातवी पास. देवबागेला बालवाडी निघतेय, तिथे शिकवायला मुलगी हवी, आणि नोटिशीत 'सायकल येणे आवश्यक' असं स्पष्ट लिहिलंय. आठ मार्चला ऑफिसात मुलाखत. सहदेव होडीवरचा माणूस, आधी तयारच नव्हता. मी त्याच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, दोन तास बसून त्याला पटवलं. "सायकलीत लाज कसली?" असं मी विचारलं, तेव्हा तो गप्पच झाला. माझं बोलणं लोकांना लागतं.

हिरा सायकलवर बसते तीसुद्धा काजळ घालून, अबोलीची वेणी माळून. पडताना आधी वेणी सावरते, मग हँडल. वळायचं म्हटलं की उतरते, सायकल हातानं वळवते आणि पुन्हा चढते. पण घामेजलेली असली तरी कशी ताजी दिसते. मी सहज विचारलं, तोंडाला काय लावतेस? म्हणाली, काय नाय. मग जरा थांबून म्हणाली, "बाई, घामार पावडर लावू नकात. पीठ सांडल्यासारखा दिसता."

गुरूला असं सांगू नये. पण मनानं चांगली आहे.

१९ फेब्रुवारी, रविवार

वहिनीची मावशी यमुनाबाई शिरोड्याहून आली. स्थळ तिनेच आणलंय. मी चहा दिला. हात पदराखाली ठेवले होते, तळव्यांना हँडलचे घट्टे आहेत म्हणून. चहा देताना काढावे लागले.

यमुनाबाई दहा दिवसांपूर्वी देवबागेला दुसऱ्या भाचीकडे आली होती म्हणे. बैलगाडीतून जाताना तिनं बघितलं. "तारकर्लीच्या रस्त्यार एक बाय! साडी पोटऱ्यांवर, पदर कमरेक, आणि सायकल अशी सोडलेली, जसो काय पाठसून वाघ लागलो. तोंड दिसूक नाय. कोण गो ती?"

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. दादानं पेपर वर धरला.

मी म्हटलं, "ती हिरा. सहदेव तांडेलाची."

आपोआप तोंडातून गेलं. आणि हिरा सायकल शिकते हे खोटं नाहीच. दिवस वेगळा, एवढंच. शिवाय यमुनाबाई परवा शिरोड्याला जाणार. तिथे हिराला कोण ओळखतं?

२२ फेब्रुवारी, बुधवार

यमुनाबाई गेली नाही. शिमग्यापर्यंत राहणार.

सायकल घरात नको म्हणून हिराच्या पडवीत नेऊन ठेवली. तिला म्हटलं, मुलाखत होईपर्यंत तुझ्याकडेच राहू दे, रोज प्रॅक्टिस कर. तिला इतका आनंद झाला की मलाही बरं वाटलं. एका दगडात दोन कामं. तिनं लगेच चाकाच्या तारा फडक्यानं पुसायला घेतल्या.

मी आता पायी जाते-येते. रोज आठ मैल. टाचांना फोड आलेत. वहिनी म्हणाली, चाल नाजूक झाली. म्हणजे उपाय लागू पडतोय.

२५ फेब्रुवारी, शनिवार

यमुनाबाईबरोबर बाजारात बांगडा घ्यायला गेले. टोपल्यांसमोर उभी राहून यमुनाबाई मोठ्यानं सांगत होती, तारकर्लीच्या तांडेलाचं चेडू कसं पोटऱ्या दाखवत हिंडतं, त्याच्याशी कोण लग्न करील. आणि वर, "नर्मदेन स्वतः सांगितल्यान माका!"

टोपलीमागे हिराची आई शेवंती बसली होती.

शेवंतीनं माझ्याकडे बघितलं. बांगडे मोजून दिले. एक जास्तच घातला, नेहमी घालते तसा.

मी तिथेच खुलासा करणार होते. पण यमुनाबाई शेजारी होती, गर्दी होती, आणि खुलासा करायचा तर नीट बसून करावा. सोमवारी तारकर्लीला गेल्यावर करीन.

जेवण गेलं नाही. उन्हाचा त्रास असावा.

२७ फेब्रुवारी, सोमवार

तारकर्लीला महिला मंडळ होतं. हिरा आली नाही. सहदेवचं घर वाटेतच आहे, पण मी मागच्या पाणंदीनं गेले. सावली असते.

खुलासा मुलाखतीआधी नक्की.

१ मार्च, बुधवार. दुपार

बेसनानं फरक नाही म्हणून बाजारातून केस काढायची पावडर आणली. कागदावर लिहिलं होतं: पाण्यात कालवून लावा, पाच मिनिटांनी पुसा. माझी लव जरा चिवट, म्हणून पंधरा मिनिटं ठेवली. कुजक्या अंड्यासारखा वास येत होता. दादा विचारून गेला, ड्रेनेज कुठे फुटलं.

लव गेली. पूर्ण.

१ मार्च, संध्याकाळ

खालचं कातडंही गेलं. जिथे लव होती तिथे आता लालभडक पट्टा आहे. आधी मिशी उन्हातच दिसायची, आता अंधारातही दिसते. वहिनीनं खोबरेल चोपडलं आणि तोंड फिरवून हसली. मी रडले नाही. डोळ्यांत पावडर गेली होती.

चार दिवस आहेत. तोंडाला लावायच्या स्नोच्या थराखाली झाकेल.

५ मार्च, रविवार

लिहावंसं वाटत नाही. पण वही खऱ्यासाठीच घेतली आहे.

चार वाजता आले. सत्यवान, त्यांचे थोरले भाऊ महादू, आणि त्यांना आणायला गेलेली यमुनाबाई. मी वहिनीची जांभळी साडी नेसले होते. ओठावर स्नो, त्यावर पावडर, पुन्हा स्नो. तोंड हलवलं की तडा जायचा, म्हणून कमी बोलले. ते सगळ्यांना आवडलं.

सत्यवान साधे वाटले. सावळे, शांत. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "खोली चौथ्या मजल्यावर आहे. नळ खाली अंगणात. सकाळी पाणी चढवावं लागतं. जमेल का?"

आमच्या विहिरीवरून मी रोज एक कळशी डोक्यावर आणि एक कडेवर आणते. पण मान खाली घालून म्हटलं, "मला जड काही उचलवत नाही." वहिनीला ठसका लागला. सत्यवान "बरं" म्हणाले.

तेवढ्यात खळ्यात सहदेव आला. खांद्यावर सायकल. त्याला चालवता येत नाही, आणि वाळूतून ढकलण्यापेक्षा उचलणं सोपं पडलं असणार. चार मैल तशी आणली होती. सदरा घामानं अंगाला चिकटलेला. माणसं बघून तो थबकला, सायकल हळूच खाली ठेवली आणि म्हणाला, "बाईनू, सायकल."

यमुनाबाई ओरडली, "हीच ती! ह्याच्याच चेडवाची!"

सगळे माझ्याकडे बघत होते. मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगानं ऑफिसचं नाव आहे. अजून कुणी वाचलं नव्हतं.

मी म्हटलं, "हो, हिराची. दुरुस्तीला आणली असेल."

सहदेवनं माझ्या तोंडाकडे बघितलं. मग तो एक पाऊल सरकला आणि नाव लिहिलेल्या बाजूला पाय लावून उभा राहिला. म्हणाला, "होय. चेडवाचीच. वाट चुकलंय मी."

सायकल पुन्हा खांद्यावर घेतली आणि गेला. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

दादा नंतर माझ्याशी बोलला नाही. तो एरवीही कमी बोलतो.

८ मार्च, बुधवार

ऑफिसात मुलाखती. सहा मुली आल्या. हिरा आली नाही. साहेबांनी विचारलं, "तुमची तारकर्लीची उमेदवार कुठे? तुम्ही तर शिफारस केली होती." मी म्हटलं, "ताप आलाय तिला." जागा तळेऱ्याकडच्या एका मुलीला मिळाली. सायकल बरी चालवते. वळते.

घरी आले तर शिरोड्याचं पोस्टकार्ड. मुलगी चांगली, घराणं चांगलं. परंतु प्रकृतीनं फारच नाजूक दिसते, मुंबईच्या कष्टांना टिकणार नाही. क्षमस्व.

वहिनीनं ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हसू आवरेना तिला. मग माझं तोंड बघून थांबली आणि जवळ बसली. मी म्हटलं, बरं झालं, मलाच मुंबई नको होती. हे मी आत्ताच ठरवलं.

ताप आलाय असं म्हणायला नको होतं. साहेबांना खरं सांगता आलं असतं. तिथे यमुनाबाई नव्हती, पाहुणे नव्हते, कुणीच नव्हतं.

१० मार्च, शुक्रवार

आज सहदेवकडे गेले. समोरच्या रस्त्यानं.

काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं. गैरसमज झाला, यमुनाबाईनं भलतंच पसरवलं, मी सर्वांसमोर सांगीन की सायकलवर हिरा नव्हती, मी होते. महिला मंडळातही सांगीन. हिराचं नाव स्वच्छ करीन.

तो खळ्यात जाळं शिवत होता. शहाळं फोडून दिलं. मी न पिता सगळं एका दमात सांगितलं. त्यानं दोरा दातानं तोडला आणि म्हणाला, "ता सगळ्यांका ठावक आसा, बाईनू."

काय ठावक, विचारलं.

"त्या दिवशी तुमी होतात ता. गंगारामान आपणच वाडीभर सांगल्यान, बाईन माका हरवल्यान म्हणान. हिराक अजून धड वळूक येणा नाय. ती पोस्टमनाक खंयसून हरवतली?"

म्हणजे शेवंतीलाही माहीत होतं. तेव्हा, बाजारात.

मग हिराला मुलाखतीला का पाठवलं नाही, असं मी विचारलं. जरा चढ्या आवाजातच विचारलं. मला वाटलं आता चूक त्याची निघते आहे.

त्यानं जाळं खाली ठेवलं. रागावला नव्हता. समजावून सांगितलं, मी बायकांना चुलीचं सांगते तसं. "तुमी हयच बसान सांगल्यात, सायकलीत लाज कसली. माका पटला. लोक हसले तरी मी चेडवाक शिकूक दिलंय. मगे तुमकाच लाज वाटली. तुमी शिकलेल्या, सरकारी बाई. तुमका वाटता तर त्यात कायतरी वायट असतलाच, असा माका वाटला. चेडवाक त्यात कित्याक घालू?"

पाठ केलेल्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं.

मी म्हटलं, पुढच्या वर्षी पुन्हा जागा निघेल. तो म्हणाला, "बघूया." तो विषय संपवायला म्हणाला, ते मला कळलं.

हिरा घरात होती. दारामागे बांगड्या वाजल्या. मी हाक मारली. ती म्हणाली, "येतंय, बाई," आणि आली नाही. मी बराच वेळ बसले. शहाळं संपवलं, कारण सहदेव बघत होता.

सायकल पडवीतच होती, पुसून ठेवलेली. ती घेतली. रस्त्यावर आल्यावर चढणार होते. पण मागे ते घर, पुढे शेवंती टोपली घेऊन बाजारातून परतताना दिसली. ती जवळ आली, वाट दिली, "जातास, बाई?" म्हणाली. मी "हो" म्हटलं. ती गेल्यावर चढायचं असं ठरवलं. ती गेली. नाही चढले.

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली. वहिनीनं विचारलं, एवढा उशीर? म्हटलं, चालत आले.

म्हणाली, "आणि सायकल?"

म्हटलं, होती.