इथे खुर्ची रिकामी ठेवत नाहीत

४ मार्च

आले एकदाची! खोली लहान आहे, पण खिडकी मोठी आणि नळाला चक्क गरम पाणी. आधीच्या दवाखान्यात साधा पंखा दुरुस्त करून घ्यायचा म्हटलं तरी नाकी नऊ येत. वृद्धाश्रमातली नोकरी म्हटल्यावर धाकट्या भावाने नाक मुरडलं होतं. म्हाताऱ्यांत राहून तूही म्हातारी होशील, म्हणाला. मी म्हटलं, आधी तू लग्न कर, मग मला शिकव. काम माझ्या आवडीचं आहे. सकाळी सगळ्यांना खुर्चीत बसवून हातपाय हलवायला लावायचे, दुपारी एकेकाला धरून चालवायचं. गुडघ्यांचं आणि माझं चांगलं जमतं. इथल्या मेट्रनबाई गोड आहेत. पहिला चहा त्यांनी स्वतः आणून दिला.

६ मार्च

शिवणबाईंशी गट्टी जमली. मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना शिवणबाईच म्हणतात. कित्येक वर्षं इथे आहेत, भेटायला कुणी येत नाही. आज व्यायाम सोडून त्यांनी माझी बाही धरली, उसवलेली शिवण दाखवली आणि तिथल्या तिथे टाका घालून दिला. वर माझ्या आईला नावं ठेवली, मुलीला एवढंही शिकवलं नाही म्हणून. मला हसू आवरेना. खरंच मी आयुष्यात सुई धरलेली नाही. बटण तुटलं की सेफ्टी पिन.

९ मार्च

शिवणबाई पहाटे गेल्या. मला कळलं नाश्त्याच्या वेळी, तेही गादी उन्हात टाकलेली दिसली म्हणून. बाकी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. मेट्रनबाईंना विचारलं, तर म्हणाल्या की इथे असं सांगत नाहीत, माणसं खचतात. जेवणघरात शिवणबाईंच्या शेजारी बसणाऱ्या आजींना दिसत नाही. त्या टेबलावर हात चाचपत शिवणबाईंचा हात शोधत होत्या. मेट्रनबाईंनी मलाच त्या खुर्चीत बसवलं. दोन दिवसांपुरतं, म्हणाल्या. बसले. आजींनी माझा हात धरला आणि निवांत जेवल्या.

पण मनाला पटलं नाही. निदान भिंतीवर एक फोटो लावा, दोन शब्द बोला. एवढी वर्षं राहिलेल्या बाईची एवढीही आठवण नको?

१३ मार्च

फोटोचं पुन्हा विचारलं. मेट्रनबाई म्हणाल्या की फोटो गेलेल्या माणसाचा लावतात, इथे खुर्ची भरलेली आहे. हे काय उत्तर झालं? डोक्यात तिडीक गेली. बोलायचं ते बोलले. त्या हसल्या आणि हो हो म्हणाल्या.

जेवणाच्या वेळी मी अजून त्याच खुर्चीत. आचाऱ्याने दूध दिलं, साय काढून. शिवणबाईंना साय चालत नसे. मला मात्र साय जीव की प्राण आहे, तसं त्याला स्पष्ट सांगितलं. तोही हो हो म्हणाला आणि सायीची वाटी घेऊन गेला. इथे बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं आहे.

१७ मार्च

आज आजींच्या कानात हळूच सांगितलं, मी शिवणबाई नाही. म्हटलं, दुसऱ्या कुणाची नाही तर हिला तरी मैत्रिणीसाठी रडू दे. आजी म्हणाल्या की त्यांना ठाऊक आहे. आधीचीही सुरुवातीला असंच म्हणायची. ती इथे नर्स म्हणून आली होती.

मग शाळा? शिवणकाम?

आजींनी हात सोडला नाही. बरीच ताकद आहे त्यांच्या हातात.

१८ मार्च

झग्याची बाही उसवली होती. आता पाहते तर शिवलेली. बारीक, एकसारखे टाके. सुई माझ्याच हातात होती.

आणि हा झगा माझा नाही.

२१ मार्च

आज दुपारी जेवताना उभी राहिले आणि मोठ्याने सांगितलं, शिवणबाई वारल्या, त्यांची आठवण ठेवा, आणि मी इथली नोकर आहे.

कुणी दचकलंसुद्धा नाही. समोरचे आजोबा म्हणाले की तेही या खोलीतला दिवा दुरुस्त करायला आले होते. त्यांच्या शेजारचीने धोब्याचे कपडे मोजायला आल्याचं सांगितलं. सगळे हसले. कुणी रागावलं नव्हतं, तेच सहन होईना.

आजी म्हणाल्या, बस गं, भात गार होतोय.

बसले.

२३ मार्च

नोकरी सोडते म्हणून सांगितलं. मेट्रनबाई — हो हो, उद्या जा.

फाटकापर्यंत गेले. रखवालदाराने कोपर धरून परत आणलं. रोज हसतखेळत बोलायचा माझ्याशी. आज मला आजी म्हणाला.

उजवा गुडघा उचलत नाही. मी इतरांचे गुडघे —

२६ मार्च

फोन देत नाहीत. हो हो म्हणतात. कुणी एकदा तरी नाही म्हणा!

दूध आलं. सायीचा कण होता, बोटाने काढून टाकला. मीच.

पहिल्या वर्गातल्या मुली आठवल्या. दोन वेण्या, मांडीवर कापड —

माझ्या नाहीत त्या मुली. मला कधी शाळा नव्हती —

२९ मार्च

भाऊ आला! जेवणघरातच आला. वाळलाय. डोळे रडून सुजलेले. सगळ्यांना विचारत होता, माझी ताई इथे व्यायाम घ्यायची, कुणाला आठवते का, शेवटी कशी होती.

शेवटी!

मी म्हटलं, अरे गाढवा, मीच ती. त्याने मेट्रनबाईंकडे पाहिलं. त्यांनी हळूच मान हलवली.

मी सगळं सांगितलं. कुत्र्याच्या भीतीने कपाटात लपायचा ते. बाबांचं घड्याळ मोडून माझ्यावर ढकललं ते. तो रडायला लागला. म्हणाला, ताई तुमच्याशी खूप बोलायची वाटतं. माझा हात थोपटला. आणि म्हणाला, हो हो.

आता तो जिना उतरून अंगणात गेलाय. खिडकीतून दिसतोय. घरात मी त्याला एका नावाने हाक मारायचे, फक्त मीच. दुसऱ्या कुणाला ते माहीत नाही. ते ऐकलं की वळेल, धावत येईल. एकच हाक. अगदी ओठांवर आहे. साधंसं नाव, लहानपणी मीच ठेवलेलं —

फाटक उघडलं. थांब. थांब रे —