विलायती नियमानं माडीवरची खोली

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.
बुद्धवंदना झाली. आजपासून माडीवरच्या खोलीचं काम सुरू. रत्नपालनं फोनवर सांगितलं, आई, इंग्लंडात प्रत्येक साइटवर रोजची डायरी लिहायला लागते, नियमच हाय. म्हणून हिशोबाच्या वहीची मागची पानं घेतली. नवी वही आणली नाही.
बुद्धपौर्णिमा १२ मे. तोवर भिंती, स्लॅब, गिलावा, रंग. पौर्णिमेला रत्नपाल येणार. अडीच वर्षांनी. खोली बघेल आणि राहील. एवढी हवेशीर खोली सोडून कोण परत जातं?
इंग्लंडच्या नियमानं होणारी आमच्या मंठाळ गावातली ही पहिली खोली.

५ मार्च.
मायाप्पा मेस्त्री, दोन गडी, घमेली उचलायला रूपा आणि म्हाळसाबाई. इंग्लंडात कामाआधी सगळ्यांना गोळा करून आजचे धोके सांगतात. मी वीस मिनिटं सांगितले. पडणं, घसरणं, विंचू, वीज. मायाप्पा म्हणाला, चांगुणाक्का, गडी भ्यालेत, आता चहा पाजल्याबिगर वर चढत न्हाईत. पाजला.
उद्यापासून पाच मिनिटं. चहा आधी नाही.

८ मार्च.
हेल्मेटं आणली. माणसं पाच, हेल्मेटं तीन. आळीपाळीनं घालतील. दुकानदारानं तीन घेतल्यावर थोडं कमी केलं.
मायाप्पानं दारावर काळी बाहुली टांगली होती, नजर लागू नये म्हणून. काढायला लावली. आम्ही असलं मानत नाही. त्यानं तिथंच खिळ्याला त्याच्या वाटणीचं हेल्मेट टांगलं. म्हणाला, ह्ये तर मानता न्हवं?
उद्या काढीन.

११ मार्च. दुपारी ३.
अडचण. घमेलं डोक्यावर, घमेल्याखाली चुंबळ, मग हेल्मेट कुठं? रूपा म्हणाली, अक्का, एक तर तुमचं टोपलं न्यायला सांगा न्हाईतर आमचं. मी म्हणाले, दोन्ही. तिनं हेल्मेटवर चुंबळ ठेवली, पदरानं बांधली, वर घमेलं. चौथ्या पायरीवर सगळा माल अंगावर. म्हाळसाबाई हसता हसता खाली बसली.
पण डोक्याला काही झालं नाही. म्हणजे नियम खरा आहे.
रूपाला अंघोळीला गरम पाणी दिलं. तेवढा वेळ काम बंद.

१२ मार्च.
बायकांना हेल्मेटातून तात्पुरती सूट. रत्नपालला विचारून कायमचं ठरवीन. त्याचा फोन लागला नाही.

१९ मार्च.
शेजारच्या प्रभुलिंग अण्णांनी विचारलं, पोरगं तिथं नक्की काय करायलाय? मी म्हणाले, इन्स्पेक्टर हाय.
हे अंदाजानं नाही म्हणाले. त्यानं फोटो पाठवलाय. नारिंगी जाकीट, हेल्मेट, गळ्यात हिरवं कार्ड. ते कार्ड असल्याशिवाय तिथं साइटवर पाऊल ठेवू देत नाहीत. आणि हिरवं म्हणजे काय ते मला कोणी सांगायला नको. माझ्या मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवर गॅझेटेड साहेबानं हिरव्या शाईनंच सही केली होती. हिरवी शाई कुणालाही मिळत नाही.
पंचशीलातलं चौथं, मुसावादा वेरमणी, रोज म्हणते मी. खोटं तोंडातून निघत नाही.
लेकीनं, राजश्रीनं, मोबाइलात काहीतरी बघितलं आणि म्हणाली, आई, तिथं हिरवं कार्ड म्हणजे... मी म्हणाले, आधी डाळीकडं बघ, लागायलीय.

२ एप्रिल.
भिंती झाल्या. मायाप्पा म्हणाला, सोमवारी सेंट्रिंग मारतो, आठवड्यात स्लॅब. मी थांबवलं. इंग्लंडात एका उंच इमारतीला आग लागून माणसं गेली, तेव्हापासून उंच इमारतींना टप्प्याटप्प्याला मंजुरी लागते. मंजुरी नाही तर पुढचं काम नाही. आमची इमारत उंच नाही, पण सवय चांगली. चारी बाजूंनी फोटो काढून रत्नपालला पाठवले. तो तिथला अधिकारी. त्याची मंजुरी आली की स्लॅब.
हे म्हणाले, बरं. कंडक्टरकीतून रिटायर झाल्यापासून हे एवढंच म्हणतात.

९ एप्रिल.
मंजुरी नाही. फोटो बघितल्याची निळी खूणसुद्धा नाही. त्यानंच एकदा सांगितलं होतं की तिथं मंजुरीला महिने महिने लागतात, मोठमोठ्या कंपन्या हात जोडून बसतात. म्हणजे पद्धतीप्रमाणं चाललंय.
गडी सावलीत बसून आहेत.

१४ एप्रिल.
जयंती. काम बंद. विहारात तिघींनी विचारलं, रत्नपाल पौर्णिमेला येतोय न्हवं? म्हणाले, तिकीट काढलं असेल.
असेल म्हणाले. काढलंय नाही म्हणाले.

१८ एप्रिल.
मायाप्पा माणसं घेऊन कोहिनूर गावाला गेला. तिथं फंक्शन हॉलचं काम आहे. म्हणाला, अक्का, तुमचं पोरगं सही करंपर्यंत माझी माणसं काय वंदना म्हणत बसतील का?
उद्धट आहे. पण भिंत ओळंब्यात आहे, हे मान्य करायला पाहिजे.

२४ एप्रिल. संध्याकाळचे ५. तिथले साडेबारा.
फोन आला. व्हिडिओवर. मायाप्पा आणि रूपा स्लॅबचं विचारायला आले होते, तेही मागं उभे राहिले. बरं वाटलं, साहेब कसा असतो ते बघू देत.
आधी चुंबळीचं विचारलं. हेल्मेट घालून तिथल्या बाया घमेलं कसं नेतात? तो म्हणाला, आई, हितं डोक्यावर कुणी काही न्हेत न्हाई. एका चाकाची ढकलगाडी असते. ओझं चाकाकडं ठेवायचं, हाताकडं ठेवलं तर मनगट जातंय. ओल्या फळीवर मधी थांबायचं न्हाई, थांबलं की चाक घसरतंय. जाकिटाच्या आत स्वेटर घालायचं न्हाई, दहाव्या खेपेला काढावंच लागतंय. दिवसाला साठेक खेपा होतात.
इतकं भरभरून तो दोन वर्षांत बोलला नव्हता.
मायाप्पानं विचारलं, साहेब, तुमाला एवढं बारीक कसं काय ठावं?
तो हसला. तळहात कॅमेऱ्यासमोर धरला.
रूपा वाकून बघत म्हणाली, दादा, ह्ये हात तर आमचंच हायत की.
राजश्री आत गेली. तिला हिरव्या कार्डाचं मोबाइलात बघितलं त्याच दिवशी कळलं होतं. तिथं ते मजुराचं असतं.
तो म्हणाला, आई, मी खोटं बोललो न्हाई. साइटवर हाय म्हणालो, साइटवरच हाय. आधीची कंपनी बुडाली. मधले दिवस नवीन काम हुडकत होतो, म्हणून फोटो बघितले न्हाईत. व्हिसाचे सात महिने राहिलेत, तेवढ्यात शिक्षणाजोगं काम मिळवायचंय. आता सुट्टी मागितली तर हे बी जातंय. पौर्णिमेला जमत न्हाई.
मी म्हणाले, स्लॅबच्या मंजुरीचं?
तो म्हणाला, मायाप्पाला विचार. त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतंय.

२५ एप्रिल.
यात वाईट काही नाही. तिथं माणसं कमी पडतात, म्हातारे मेस्त्री घरी बसले, नवीन पोरं येत नाहीत, म्हणून शिकलेल्यांनाही खालून वर चढवत नेत असतील. आपल्या डीसी साहेबांना, म्हणजे कलेक्टरांना, नाही का ट्रेनिंगला गावोगाव फिरवतात.
एका चाकाची गाडी घ्यायची. जुनी.

२९ एप्रिल.
गाडी आली. बसवकल्याणहून, टेंपोत. मायाप्पानं कोहिनूरहून येऊन बघितली. गाडीकडं बघितलं, जिन्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणाला, अक्का, पायऱ्या चौदा हायत.
हे त्या गाडीत उशी टाकून पेपर वाचतात. म्हणाले, बरं आहे.

१० मे.
मायाप्पा जूनअखेरपर्यंत मोकळा नाही. दुसरा मेस्त्री दुसऱ्याच्या भिंतीवर स्लॅब टाकायला तयार नाही. खोलीला चार भिंती आणि वर आभाळ. हवेशीर आहे.
हेल्मेट अजून दारावर आहे. काढायचं राहिलं.

१२ मे, बुद्धपौर्णिमा.
विहारात गेले. पंचशील म्हणताना चौथ्याला आवाज जरा बारीक झाला. घसा धरलाय.
प्रभुलिंग अण्णा वाटेत भेटले. इन्स्पेक्टर आले न्हाईत व्हय? मी म्हणाले, साइटवर हाय. यात खोटं काहीच नाही.
पुढं रूपा भेटली, डोक्यावर जळणाचा भारा. थांबली. म्हणाली, अक्का, दादाच्या हाताला फोड आल्ते, बरे झाले का?
त्या फोनला अठरा दिवस झाले. मी त्याला कंपनीचं विचारलं, व्हिसाचं विचारलं, दोनदा स्लॅबचं विचारलं.
रूपाला म्हणाले, विचारते.

१३ मे, मंगळवार.
बसवकल्याणला गेले. खोबरेल तेलाची बाटली, घरच्या खोबऱ्याची. वर प्लास्टिकच्या तीन पिशव्या, दोरीनं बांधून, रत्नपालचा पत्ता. कुरियरवाल्यानं हलवून बघितली. म्हणाला, आक्का, पातळ वस्तू इंग्लंडला जात न्हाई, नियम हाय.
बाटली घेऊन परत आले.