विष्णूची कादंबरी उसवली

३ फेब्रुवारी
उशीर झाला, माफी. जानेवारी कोराच गेला. दोस्त विष्णूच्या हर्नियाच्या काळजीत डायरी लिहायला सुचलं नाही. आज तो सोनिवलीहून पालेगावला आमच्याकडे आला. जाडजूड कादंबरी हातात दिली. पोराने त्याला वाढदिवसाला दिलेली, कोरी. "ऑपरेशन करून येतो, मग मी वाचणार. तोवर तू वाच. तुझ्या त्या चिटुकल्या कथा पुरे झाल्या."
आपली शाळा सातवीपर्यंत. वाचायला कथाच बरी. चहा गार व्हायच्या आत निकाल लागतो.

५ फेब्रु.
उघडली. वाचायचं सोडून उरलेली पानंच बघत बसतो. मधेच मला काही झालं तर?

७ फेब्रु.
करू नये ते केलं. उल्हासनगरला शेठच्या कारखान्यात जन्मभर बाइंडिंग केलं, हात गप्प बसेना. पुठ्ठा काढला, शिलाई उसवली, सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे केले. एक फर्मा म्हणजे एक कथा, असं मनाशी धरलं.
ही ओरडली, "अहो, दुसऱ्याचं पुस्तक ना ते? मेथी निवडल्यासारखं काय चाललंय!"
म्हटलं, परत शिवीन.

८ फेब्रु.
पहिला फर्मा संपला तो वाक्याच्या मधेच. कादंबरीतल्या भागीचा नवरा बोटीवर चढला आणि... कथा असा दगा देत नाही. दुसरा घेतला. मग तिसरा.

१२ फेब्रु.
वि.च्या सुनेचा फोन. ऑपरेशन नीट झालं, घरी आणलं. देवापुढे साखर ठेवली.
पण पुस्तक? शिवायला बसलो तर सुई ओवता येईना. जन्माचा दोस्त, काय म्हणेल. त्यात ही भागी. कथेतली माणसं पान उलटलं की जातात. भागी जेवतानाही समोर बसते.

१५ फेब्रु.
सोनिवलीला गेलो. वि. उताणा पडलेला. पिशवीतून गठ्ठा काढला, मान खाली.
"मेल्या, हे काय?"
"उसवली. चुकलं माझं."
तो एक फर्मा दोन बोटांत धरून वाचायला लागला. त्याला पुस्तक पोटावर ठेवून वाचायची सवय. आता टाके, पोटावर उशीसुद्धा चालत नाही.
"सगळे ठेवून जा," म्हणाला. "आणि शिवलीस तर याद राख."
अंबरनाथला उतरून केळी खाल्ली. सकाळपासून उपाशी होतो हे तेव्हा कळलं.

१६ फेब्रु.
घोटाळा! शेवटचा फर्मा माझा वाचायचा राहिलाय. आनंदाच्या भरात तोही तिथेच. फोन लावला. "विष्णू, शेवटचा तेवढा आधी बघ. भागीचा नवरा परत येतो का?"
"हट्! मी ओळीने वाचणार. तू तोवर कथा वाच."
वाचली एक. संपली. चहा गरमच होता, बरं वाटलं. पण भागी दारातच उभी.
विष्णू, बाबा, भरभर वाच. आला की नाही, एवढंच लवकर कळव.