दोघांनीही दम धरा

३ एप्रिल
आले एकदाची बीडला! पुण्यातल्या रात्रपाळ्यांनी माझं पार चिपाड करून टाकलं होतं. हा दवाखाना लहान आहे, पण सीटी स्कॅनचं मशीन नवंकोरं, आणि ते चालवणारी मी एकटीच, म्हणजे डोक्यावर बसणारं कुणी नाही. राहायची खोली मागच्याच अंगाला, दाराशी मोगरा. मदतीला भामाबाई नावाच्या मावशी आहेत. त्यांचा चहा म्हणजे निव्वळ पाक. माझं लग्न का झालं नाही याची चौकशी त्यांनी पहिल्याच कपात उरकली. रविवारी मला कपिलधारला देवदर्शनाला नेणार म्हणाल्या. आज खूप दिवसांनी पोटभर जेवले.

८ एप्रिल
कसलं कपिलधार! ऊसतोडीची माणसं गावी परतलीत आणि दवाखाना भरलाय. कुणाची पोटरी सुजलेली, कुणाला चार पावलांत धाप. पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली का, ते बघायला अँजिओग्राफी करायची. हाताच्या शिरेतून औषध सोडलं की अंगभर गरम लाट जाते, माणसं घाबरतात. मग मी काचेअलीकडून माइकवर सांगते, दम धरा. चित्र निघालं की सांगते, सोडा. रक्तवाहिन्या पांढऱ्या उजळतात, गाठ तेवढी काळी दिसते. मशीनमधल्या हिंदी आवाजाला कुणी दाद देत नाही, म्हणून दिवसभर मीच ओरडते. घसा बसलाय.

१३ एप्रिल
आज वडवणीकडच्या मंजुळाबाई आल्या. ओठ निळसर. नवरा त्रिंबक याच हंगामात उसाच्या फडातच धापा टाकत गेला. बाईंनी दम नीट धरला, छाती हलली नाही हे मी पाहिलं. तरी चित्र हललेलं आलं. आणि स्पीकरमधून श्वास ऐकू येत होता, जड, घरघरता. मशीनच्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं. डॉक्टर माझ्यावरच उखडले. बाईंच्या पोटात व्रण आहे, त्यातून रक्त वाहू लागलं तर संपलंच. गाठ नक्की दिसल्याशिवाय रक्त पातळ करायचं इंजेक्शन देता येत नाही. चित्रासाठीचं औषध मूत्रपिंडांना जड, म्हणून त्यांना विसावा देऊन परवानंतर आणखी एकदाच ते सोडता येईल. पुन्हा चित्र हललं तर ही बाई वाचत नाही.

१५ एप्रिल
भामाबाईंना त्या श्वासाचं सांगितलं, मला हसूही आलं. त्या हसल्या नाहीत. “हासता कावून? ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता आस्तोय, ताई. टोळीचा मुकादम एकट्याला हाक मारतच न्हाई. त्यो तिच्यासंगंच आलाय. हाक मारायची तर दोघायला मारा.” झोप नाही, त्यात हे. माझं डोकं चालेना.

१७ एप्रिल
पुन्हा तोच श्वास. औषध शिरेत गेलेलं, थांबायला वेळ नाही. मी माइकवर म्हटलं, मंजुळाबाई, त्रिंबकराव, दोघांनीही दम धरा.
श्वास थांबला.
चित्र लख्ख आलं, दोन्ही फुप्फुसांत गाठी. मंजुळाबाई, सोडा, असं म्हणून मी डॉक्टरांकडे धावले. इंजेक्शन लगेच सुरू झालं. सुटकेनं मला रडूच कोसळलं.

१९ एप्रिल
बाईंना उतार पडलाय, ओठ लाल झालेत. पण चेहरा उतरलेला. म्हणाल्या, खाटेशी कुणी नाही आता, लई सुनं वाटतं. मग विचारलं, “त्यांला सोडा म्हनलात का, ताई?”
नाही म्हटलं मी. बाईंचंच नाव घेतलं फक्त.

२० एप्रिल
मशीनच्या खोलीत कुणीतरी आहे. आवाज नाही, श्वास नाही. छाती भरून उभं राहिलेलं माणूस, माझ्या हुकमाची वाट बघत. मलाच दम पुरत नाही. डॉक्टरांनी माझीही तपासणी केली, गाठ नाही. थकवा म्हणाले. थकवा तर आहेच.

२२ एप्रिल
पायऱ्या चढवत नाहीत — माइकवर म्हटलं, सोडा — पलीकडची खोली रिकामी. तो तिथे नाहीच — काचेच्या अलीकडे आहे, माझ्या खुर्चीमागे —

२३ एप्रिल, सकाळ
भामाबाई म्हणाल्या, नाव घेऊन सांगा. दोन शब्दांपुरता तरी दम गोळा केला —
म्हटलं. त्रिंबकराव, सोडा.
सोडला. मानेवर, गरम — केवढा लांब — मलाही मोकळं वाटलं —
सोडल्यावर माणूस पुन्हा घेतो — रोज बघते मी — कसं सुचलं नाही —
तो घेतोय — आत — माझ्या छातीतून — अजून घेतोय — भामाबा