आठची गोळी

१४ जाने. १९८४
रात्री ८ ची गोळी घेतली, रक्त पातळ ठेवणारी. खूण केली. आधी तारीख, मग जे खरं ते. तिसरीपर्यंत बाबांनी घरीच शिकवलं, तेव्हाची सवय.

छातीतला आवाज आज नीट नाही. हृदयात धातूची झडप बसवल्याला तीन वर्षं झाली. रोज टक् टक्, स्वच्छ. शेजारच्या काकू तर विचारायच्या, "घड्याळ गिळलं का वं पोरी?" आज दुपारी कूस बदलली तेव्हा बोथट वाटला. घरी बोलले नाही.

१७ जाने.
८ ची घेतली. रक्त तपासलं. हवं तितकं पातळ नाही. डॉ. म्हणाले, "गोळ्या चुकवतेस?" नाही म्हटलं. "सगळे नाहीच म्हणतात." वही पुढे केली, त्यांनी पाहिली नाही. कार्डावर लिहिलं: गोळ्या अनियमित.
माझ्याबद्दल खोटं, तेही शाईनं.

१९ जाने.
क्ष-किरणाच्या पडद्यावर झडप पाहिली. चकती पूर्ण उघडत नाही. गुठळी असावी. गोळी वाढवली, सोमवारी बोलावलंय. बदलायची झाली तर पुन्हा धातूची, जन्मभर गोळी. नाहीतर डुकराच्या हृदयातली. तिला ही गोळी लागत नाही, पण आठ-दहा वर्षांत झिजते, पुन्हा छाती उघडायची. "जिला गोळ्यांच्या वेळा पाळता येत नाहीत तिला दुसरीच बरी." मूलबाळही त्या झडपेवर सोपं, ही गोळी पोटातल्या बाळाला बाधते, म्हणाले. बाबा खिडकीबाहेर पाहत होते.

घरी आई: "डुकराची? मंग काय छातीत घुरघुर ऐकू येईन?" बाबा हसले. मीही. हसताना धाप लागली.

२१ जाने.
आई दळण आणायला गेली म्हणून कणीक मी मळायला घेतली. पिठाच्या डब्याशेजारी छोटा डबा. हिरवी पूड. वास घेतला. पालक, मेथी.
"आई, हे काय?"
"वाळवून कुटली. ते रक्त पातळ करून राहिले ना तुयं. म्हटलं, थोडं दाट होऊ दे. दिवाळीपासून टाकतो तुया पोळीत."
"पालेभाजी नको म्हटलं होतं ना डॉक्टरांनी."
"भाजी कुठं देतो वं? चिमूटभर पूड आहे."
पालेभाजीनं गोळीचा जोर उतरतो. गुठळी कशानं झाली ते तिला अजून उमगलेलं नाही. नको टाकू, एवढंच म्हटलं.
८ ची घेतली. खूण केली.

२२ जाने.
८ ची घेतली.
सांगितलं नाही तर अनियमित ती अनियमितच. डुकराची झडप. गोळी सुटेल, लेकरू होऊ शकेल. आणि करवत, पुन्हा, आणि दहा वर्षांनी पुन्हा.
सांगितलं तर औषधानं गुठळी विरेलही, हीच झडप राहील. पण आईला कळेल की तिच्या हातून...
गप्प बसावंसं वाटतं ते आईसाठी, की लेकरासाठी? तपासून पाहिलं. दोन्ही निघालं. वाईट वाटलं.

२३ जाने.
बाबांना सुटी नाही. आई बरोबर आली. बाकावर बसले तेव्हा आवाज कालच्याहून खोल गेलेला.
डॉ. : "मग, काय ठरलं?"
मी म्हटलं, "कार्डावर लिहिलंय ते चूक आहे." पिशवीतून वही काढू लागले.
आई म्हणाली, "पोरगी गोळी नाही चुकवत, साहेब. मी डोळ्यानं पाहतो. अन् अशक्तपणा नको म्हणून मी तिच्या पोळीत..."
डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काय घालता पोळीत?"
पाला सावलीत कसा वाळवायचा, रंग जाऊ द्यायचा नाही, आई मन लावून सांगत होती. त्यांनी इतकं ऐकून घेतलं म्हणून खुशीत होती. मी तिला थांबवलं नाही.

मग त्यांनी शांतपणे सांगितलं, गुठळी त्या पुडीनं झाली.

भरती करून घेतलं. 'अनियमित' खोडलं, मी पाहिलं. सुईनं गुठळी विरवायचं औषध चालू. उद्या पडद्यावर पुन्हा पाहणार, मगच ठरणार. ८ ची आज बंद. खुणेच्या जागी रेघ मारली.

आई पलंगाशी बसून आहे. बाबा येऊन दोनदा म्हणाले, घरी चल. उठली नाही. माझ्या छातीकडे कान देऊन आहे. "येते का वं आवाज?" विचारते. मी "येतो" म्हणते.